गोळी सावकाश, निर्णय झटपट

कर्नाटकाच्या जोयडा तालुक्यातल्या नवशिक्याने पहिली सेमी-ऑटोमॅटिक रायफल कुठली घ्यावी? उत्तर सोपं आहे. कुठलीच घेऊ नये. स्वस्तातली नको, महागातली नको, कर्ज काढून नको, आणि कुणा पाहुण्याच्या ओळखीने तर मुळीच नको.

हे उत्तर इतकं ठणकावून द्यावं लागतं, कारण प्रश्न खरोखर विचारला जातो. तालुक्यातल्या कुंभारवाड्याच्या आसपास भात पोसवायला लागलं की रात्रीची राखण सुरू होते. डबे बडवायचे, फटाके लावायचे, माळ्यावर बसून हाकारे घालायचे. तरीही रानडुकरांचा कळप एका रात्रीत खाचराचा चिखल करून जातो. दिवसा माकडं केळीवर असतात आणि गवे तर कुंपणाला मोजतच नाहीत. अशा वेळी मोबाइलवर धडाधड गोळ्या सुटणाऱ्या रायफली पाहिलेल्या तरुणाला वाटतं, असली एखादी मिळाली तर प्रश्न मिटेल. त्याचा राग खरा आहे, पण त्याने निवडलेलं हत्यार चुकीचं आहे.

आधी ही वस्तू समजून घ्या. सेमी-ऑटोमॅटिक रायफलचा चाप ओढला की एक गोळी सुटते. त्याच स्फोटाच्या जोरावर रिकामं काडतूस बाहेर फेकलं जातं आणि मॅगझिनमधलं पुढचं काडतूस आपोआप नळीत जाऊन बसतं. पुन्हा चाप ओढला की पुन्हा गोळी. चाप दाबून धरल्यावर गोळ्या सुटतच राहिल्या तर ती पूर्ण ऑटोमॅटिक. ही दुसरी जात १९५९ च्या शस्त्र कायद्याने निषिद्ध ठरवली आहे. पहिली, म्हणजे सेमी-ऑटोमॅटिक रायफल, २०१६ च्या शस्त्र नियमांत निर्बंधित वर्गात आहे. तिचा परवाना देण्याचा अधिकार कारवारच्या जिल्हाधिकाऱ्यांना नाही. तो दिल्लीत केंद्रीय गृह मंत्रालयाकडे आहे. चोरवाटेने आणायची म्हटलं तर शिक्षा ऐकून ठेवा. साधी बंदूक विनापरवाना सापडली, तरी २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान २ वर्षांची कैद. निषिद्ध शस्त्र सापडलं तर किमान ७, कमाल १४ वर्षं. दोन पोती भातासाठी एवढी वर्षं कुणी देऊ नयेत.

अमेरिकेत गोष्ट वेगळी आहे. रुगर कंपनीची टेन-ट्वेंटीटू ही पॉइंट टू-टू बोअरची सेमी-ऑटोमॅटिक रायफल १९६४ पासून विकली जाते आणि तिथल्या असंख्य नवशिक्यांनी तिच्यावरच हात बसवला आहे. कारणं रास्त आहेत: काडतूस स्वस्त, झटका नगण्य, सुटे भाग कुठेही मिळतात. पण तिथे नवशिक्याजवळ मातीच्या उंच बांधामागचं मैदान असतं, शेजारी शिकवणारं माणूस असतं. आपल्याकडे शेताच्या बांधापलीकडे दुसऱ्याचं घर असतं, पाणंद असते, आणि अंधारात बॅटरी न लावता राखणीला निघालेला शेजारीही असतो.

शेतकऱ्यांच्या हाती पिढ्यानपिढ्या रायफली असलेल्या देशांनीही या जातीला लगाम घातला आहे. ऑस्ट्रेलियात पोर्ट आर्थर इथे एप्रिल १९९६ मध्ये एका माणसाने ३५ जणांना मारलं. त्यानंतर तिथे अशा रायफलींवर कडक बंधनं आली. कमी ताकदीच्या सेमी-ऑटोमॅटिक बंदुकाही शेती करणाऱ्याला गरज सिद्ध केल्यावरच मिळू लागल्या. न्यूझीलंडमध्ये मार्च २०१९ ला क्राइस्टचर्चच्या मशिदींत ५१ माणसं मारली गेली, आणि महिना उलटायच्या आत तिथल्या संसदेने बहुतेक सेमी-ऑटोमॅटिक शस्त्रांवर बंदी आणली. मेंढ्या, गुरं आणि कुरणांवर जगणारे हे देश. पिकांचं नुकसान त्यांना कळत नाही असं कुणी म्हणू नये.

नवशिक्यासाठी आणखी एक धोका आहे आणि तो यंत्रातच आहे. मॅगझिन काढलं म्हणजे रायफल रिकामी झाली, असं त्याला वाटतं. ती रिकामी असतेच असं नाही. एक काडतूस नळीत शिल्लक असू शकतं. पुसताना, दाखवताना, फोटो काढताना तेच सुटतं. एकनळी काडतुसाच्या बंदुकीत ही फसगत होणं कठीण. ती मधोमध मोडायची, नळीतून आरपार उजेड दिसला की रिकामी. शिकणाऱ्याला असंच शस्त्र हवं, जे आपली अवस्था लपवत नाही.

आता शेतकऱ्याच्या बंदुकीकडे येऊ. इथे कायदा शेतकऱ्याच्या बाजूने बोलतो, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. शस्त्र कायद्याचं कलम १३ सांगतं की खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी कुणी ठासणीच्या बंदुकीचा परवाना मागितला, तर तो द्यायचा. ठासणीची पुरेशी नाही असं अधिकाऱ्याला पटलं, तर २० इंचांहून कमी नसलेल्या गुळगुळीत नळीची दुसरी बंदूकही देता येते. ही कुणाची मेहेरबानी नाही, संसदेने लिहून ठेवलेली तरतूद आहे. अर्ज नाकारायचा असेल तर कारणं लेखी नोंदवायची, अर्जदाराने मागितली तर ती द्यायची, आणि त्यावर अपील करता येतं. पोलिसांचा अहवाल मुदतीत आला नाही, तर त्याची वाट न पाहता निर्णय देण्याची मुभासुद्धा कायद्याने अधिकाऱ्याला दिली आहे.

गुळगुळीत नळीच का? कारण तिच्यातून छर्रे सुटतात. चाळीसेक मीटरपर्यंत ते कामाचे, त्यापुढे पांगत आणि जोर हरवत जातात. रायफलच्या नळीत आतून आटे असतात, ते गोळीला फिरकी देतात आणि गोळी सरळ लांब जाते. खेळण्यासारखी दिसणारी पॉइंट टू-टूची गोळी मोकळ्यावर दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते. जोयड्यातली खाचरं दोन डोंगरांच्या बेचक्यात, घरांच्या पायथ्याशी असतात. तिथे दीड किलोमीटरच्या टप्प्यात कोण झोपलंय, हे घोडा ओढणाऱ्याला सांगता येत नाही. तेव्हा ज्याला परवाना मिळेल त्याने एकनळी, बारा बोअरची, नव्याने घेतलेली किंवा परवान्यावरून रीतसर आपल्या नावावर झालेली बंदूक घ्यावी. तिची काडतुसं देशातच होतात. पुण्याच्या खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासून उभा आहे आणि तिथल्या बारा बोअरच्या काडतुसांवरची 'केएफ' ही अक्षरं जुन्या परवानेवाल्यांना पाठ आहेत.

आणि परवडणारी म्हणजे काय, याचा हिशेब पुरा मांडा. दुकानातली किंमत ही फक्त सुरुवात. शस्त्र हाताळण्याच्या सुरक्षेचं प्रशिक्षण घ्यावं लागतं. शरीर आणि मन ठीक असल्याचा डॉक्टरचा दाखला लागतो. बंदूक घरात सुरक्षित ठेवण्याची हमी द्यावी लागते, म्हणजे कुलपाची लोखंडी पेटी आली. दर ५ वर्षांनी नूतनीकरण आलं. आणि प्रत्येक कामाला कुंभारवाड्याहून अणशीचा घाट उतरून, कद्रामार्गे कारवार गाठायचं. एक सही राहिली की आणखी एक दिवस, आणखी एक मजुरी बुडाली. गरीब शेतकऱ्याला बंदूक महाग पडते ती या हेलपाट्यांनी.

त्यातही कुंभारवाड्याचा अडथळा वेगळाच आहे. दांडेलीचं अभयारण्य १९५६ चं, अणशीचं राष्ट्रीय उद्यान १९८७ चं. २००७ मध्ये दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प झाला आणि २०१५ पासून त्याचं नाव काळी व्याघ्र प्रकल्प. कुंभारवाडा नावाचं वनपरिक्षेत्रच त्यात आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं कलम ३४ म्हणतं की अभयारण्यापासून १० किलोमीटरच्या आत मुख्य वन्यजीव रक्षकाच्या पूर्वसंमतीशिवाय बंदुकीचा नवा परवाना देऊ नये. राष्ट्रीय उद्यानालाही हेच लागू. कलम ३१ म्हणतं, लेखी परवानगीशिवाय अभयारण्यात शस्त्र घेऊन पाऊल टाकू नये.

या कलमांशी माझं भांडण नाही. काळीच्या खोऱ्यात वाघ टिकला, काळा बिबट्या टिकला, धनेश टिकले, ते अशा कलमांमुळेही टिकले. माझं भांडण एवढ्यासाठी आहे की या संमतीला कायद्यात मुदत लिहिलेली नाही. एक कायदा म्हणतो, पिकासाठी परवाना द्या. दुसरा म्हणतो, आधी आमची संमती घ्या. ती किती दिवसांत द्यायची किंवा नाकारायची, हे तो सांगत नाही. दोन कायद्यांच्या मधल्या या पोकळीत शेतकऱ्याचा अर्ज बसतो आणि डुक्कर मात्र ठरल्या हंगामाला येतं.

बरं, परवाना मिळाला तरी डुकरावर बार टाकायची मोकळीक मिळाली, असं नाही. ही गोष्ट प्रत्येक नव्या परवानेवाल्याला कानात सांगून नव्हे, फलकावर लिहून सांगायला हवी. २०२२ च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत आहे. उभ्या पिकाला ते घातक ठरलं, तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी नेमलेला अधिकारी लेखी आदेशाने ठरावीक जागेपुरती मारण्याची परवानगी देऊ शकतो. आदेश नसेल तर तो गुन्हा. गवा पहिल्या अनुसूचीत आहे. पीक खाल्लं एवढ्या कारणावर त्याला मारण्याची परवानगी मिळतच नाही. अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात शिकार केली तर किमान ३ आणि कमाल ७ वर्षांची कैद. तेव्हा परवान्याच्या बंदुकीचं रोजचं काम आवाज करून जनावर हाकलण्याचं. या कामाला मिनिटाला तीस गोळ्या लागत नाहीत. एक बार पुरतो.

बंदूक नाही, आदेश नाही, भरपाई नाही, अशा कोंडीत सापडलेला माणूस मग जे करतो ते सगळ्यात वाईट. कुणी कुंपणात घरची वीज सोडतो. कुणी फासे लावतो, कुणी पिठाच्या गोळ्यात स्फोटक भरून बांधावर ठेवतो. या गोष्टी डुक्कर आणि माणूस ओळखत नाहीत. शेजाऱ्याची गाय मरते, रानातून आलेला बिबट्या मरतो, पहाटे पाणी पाजायला गेलेला घरचाच माणूस मरतो. जो हे करतो तो गुन्हेगार आहेच. पण त्याला वेळेत 'हो' किंवा 'नाही' न सांगणारी यंत्रणा हात झटकून मोकळी होऊ शकत नाही.

याच कर्नाटकात कोडगू जिल्हा आहे. तिथल्या कोडव समाजाला आणि वंशपरंपरेने चालत आलेल्या 'जम्मा' जमिनीच्या धारकांना ब्रिटिश काळापासून बंदुकीच्या परवान्यातून सूट आहे. केंद्राने २०१९ मध्ये ती ऑक्टोबर २०२९ पर्यंत वाढवली आणि कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये ती वैध ठरवली. त्या सुटीमागे त्यांचा इतिहास आहे आणि मी ती काढून घ्या म्हणत नाही. जोयड्यातल्या कुणब्यालाही तशी सरसकट सूट द्या, असंही म्हणत नाही. पण एका जिल्ह्यात सरकार माणसावर एवढा विश्वास टाकू शकतं, तर दुसऱ्या जिल्ह्यात अर्जावर तारीख टाकण्याइतका तरी टाकावा.

केरळचं उदाहरण याहून उपयोगी आहे. तिथे २०२२ मध्ये रानडुकरांबाबतचा निर्णय ग्रामपंचायतीपर्यंत आणला गेला. पंचायतीच्या अध्यक्षाने आदेश द्यायचा, गोळी परवानाधारकानेच झाडायची. विष, स्फोटक आणि विजेचा वापर चालणार नाही. वाघाच्या रानात हे जसंच्या तसं आणता येणार नाही. पण व्याघ्र प्रकल्पाच्या बफर क्षेत्राबाहेरच्या खाचरांसाठी निर्णय घेणारा अधिकारी जवळ आणता येतो, एवढं त्यातून दिसतं.

परवाना मिळालेल्याला निवडणुकीचाही अडथळा आहे. आचारसंहिता लागली की परवान्याची बंदूक ठाण्यात जमा करायचा निरोप येतो. मुंबई उच्च न्यायालयाने २००९ मध्ये अशा बंदुका सरसकट जमा करून घेणं मान्य केलं नाही. कुणाची बंदूक जमा करायची हे छाननी समितीने एकेका माणसाचा विचार करून ठरवावं, असं सांगितलं. ज्याच्यावर एक गुन्हा नाही, जो मतदान केंद्रापासून कोसभर आत रानात राहतो, त्याची एकनळी ऐन हंगामात कपाटात बंद करून कुठली निवडणूक सुरक्षित होते? समितीने अशा माणसाचं नाव वगळायला हवं, आणि त्यासाठी त्याला हेलपाटे घालायला लावू नयेत.

आता ज्याला शेत राखायचं नाही, नेमबाजीच शिकायची आहे, त्या पोराला आणि पोरीला सांगतो. तुमच्यासाठी वाट मोकळी आहे आणि तिथेही सेमी-ऑटोमॅटिक लागत नाही. ऑलिम्पिकमधली रायफल एकेक गोळी हाताने भरून झाडायची असते. कोल्हापूरच्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिम्पिकच्या ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक घेऊन उभा राहिला, तो अशाच रायफलीवर. कोल्हापूरचीच तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला विश्वविजेती झाली, तीही अशाच रायफलीवर. गुडघ्यावर, पोटावर आणि उभं राहून, श्वास धरून सोडलेली एकेक गोळी. या खेळात वेगाला किंमत नाही, स्थिर हाताला आहे.

सगळ्यात परवडणारी पहिली रायफल म्हणजे एनसीसीची. कॉलेजात एनसीसी असेल तर नाव घाला. तिथे पॉइंट टू-टूची बोल्ट ॲक्शन रायफल हातात येते, शिकवायला जवान असतो, काडतूस सरकारचं असतं. प्रत्येक गोळीनंतर बोल्ट हाताने मागे ओढावा लागतो आणि तेवढ्या क्षणात माणूस विचार करतो. दुसरी वाट हवेच्या रायफलीची. पॉइंट वन-सेव्हन-सेव्हन बोअरची, २० ज्यूलपर्यंत ताकदीची एअर रायफल परवान्याशिवाय मिळते आणि १० मीटर रायफलचा सारा खेळ तिच्यावरच चालतो. ती घेऊन रानात पाखरं टिपायला निघाल तर मात्र ती शिकार ठरेल, आणि वनरक्षकाने धरलं तर तक्रार करायची नाही.

कुठलंही शस्त्र हाती येवो, चार नियम आधी पाठ करा. बंदूक नेहमी भरलेलीच आहे असं समजा. नळी कधीही माणसाकडे वळवू नका. नेम पक्का होईपर्यंत बोट चापावर ठेवू नका. आणि समोर काय आहे, त्यामागे काय आहे, ते दिसल्याशिवाय झाडू नका. शिकारीत साथीदारालाच जनावर समजून गोळी घातल्याच्या बातम्या पश्चिम घाटात पुन्हा पुन्हा येतात, त्या बहुतेक या चौथ्या नियमाच्या आहेत. झुडूप हललं म्हणजे डुक्कर दिसलं, असं नव्हे.

सरकारकडे मागणी मोजकी आहे. कलम ३४ च्या संमतीला ३० दिवसांची मुदत घाला. द्यायची नसेल तर कारण लिहून द्या, अर्जदाराला कळेल अशा भाषेत. प्रशिक्षण, डॉक्टरचा दाखला आणि अर्ज या तिन्हींसाठी वर्षातून एकदा जोयड्याला शिबिर घ्या. शेकडो माणसं घाट उतरण्यापेक्षा चार अधिकाऱ्यांनी घाट चढणं स्वस्त आहे. पिकाचा पंचनामा आणि भरपाई त्याच हंगामात द्या, कारण पुढच्या वर्षीच्या पैशांनी या वर्षीची चूल पेटत नाही. सौर कुंपणासाठी मागेल त्याला मदत द्या. बंदुकीपेक्षा ते जास्त रात्री राखण करतं. कर्नाटकाने २०११ मध्ये 'सकाल' कायदा करून नागरिकांना ठरलेल्या दिवसांत सेवा देण्याची हमी घेतली. तीच शिस्त रानाकाठच्या माणसाच्या अर्जालाही लावा.

तरुणांकडेही एक मागणी आहे. धडाधड सुटणाऱ्या रायफलीचं वेड सोडा. ती तुमचं भात वाचवणार नाही, तुमचं आयुष्य मात्र कोर्टात घालवेल. एकनळी मागा, रीतसर मागा, आणि उत्तर लेखी मागा. एकट्याने नव्हे, ग्रामसभेत ठराव करून मागा.

आणि जिल्हाधिकारी व वन विभागाने यंदा भात पोसवायच्या आत आलेल्या प्रत्येक अर्जावर तारीख घालून 'हो' किंवा 'नाही' लिहावं. 'नाही' लिहायचं असेल, तर त्याच कागदावर भरपाई कधी मिळणार तेही लिहावं.